नाथूच्या दारी नोटीस चिकटली त्याची हकीकत

श्री. शके अठराशे ब्यायशी, शार्वरीनाम संवत्सरे, श्रावणमासी महाड शहरी नाथू कुडपणकर यांची खोली नागोबांनी राखिली. हे वाक्य वाचिलेच नाही ऐसे समजावे. अद्याप काही जालेच नाही; खोली जाते की राहते, या घोरात सारे आहेत.

हकीकत ऐसी जे, नाथू डोंगर उतरोन, कुटुंब प्रयागबाई आणि एक म्हैस इतक्या लवाजम्यानिशी महाडास आले आणि महिपतरावांचे मागील खोलीत तळ देऊन घरोघर दूध घालू लागले. मग महिपतरावांचे मनी आले जे, खोलीत जावयाचे शिवणयंत्र बसवावे. खासा अंगणी उभे राहोन फर्माविले, "नाथ्या, सकाळी खोली मोकळी दिसली पाहिजे!" नाथूंनी म्हशीकडे पाहिले. गावचे गोठ्याचे छप्पर वाऱ्याने नेलेले. भर पावसात घाट चढोन म्हैस बांधावी कोठे?

परंतु वकिलांनी महिपतरावांस ताकीद दिली जे, तोंडी हुकुमाने भाडेकरू हलत नाही; लेखी नोटीस पाहिजे, महिनाअखेरची मुदत पाहिजे, हाती घेईना तर चारचौघांदेखत दारास डकवावी. मग कारकुनाने मजकूर दौतीच्या शाईने लिहिला आणि वकिलांनी खाली पक्क्या शाईची सही ठोकिली. ती सही काय वर्णावी! आरंभी फणा, मध्ये वेटोळी, अखेरीस शेपूट आणि फण्यावर दोन टिंबे.

नाथू दुधाचे मोहिमेवर गेले ऐसे पाहोन महिपतरावांनी एकट्यानेच खळ लावोन नोटीस दारास डकविली आणि फत्तेचे आनंदात दाढी करावयास कूच केले. दिवस कोणता, हे पाहिले नाही. दिवस नागपंचमीचा.

प्रयागबाईंस अक्षरओळख नव्हती. दारी आयता नागोबा देखोन त्यांनी हळदकुंकू वाहिले आणि लाह्या वाहिल्या आणि म्हशीचे दूध शिंपिले. मग आळीच्या बाया लोटल्या; आघाडीस महिपतरावांचे कुटुंब, खाशा आनंदीबाई, वाटीनिशी.

"प्रयाग, एवढा ऐटबाज नागोबा कुठून आणलास गो?"

"आणला नाय वैनी, आपल्या पायानं आलाय."

"नागोबाला पाय?" म्हणोन आनंदीबाईंनी अख्खी वाटी ओतिली आणि मुदत, तारीख, सारा मजकूर वाहोन उंबऱ्यास मिळाला. सही तेवढी डोलत राहिली.

महिपतराव गुळगुळीत होवोन परतले, पाहतात तो अनर्थ. मग चाकू उपसोन कागद खरवडावयास धावले, तो आनंदीबाई आडव्या. "आज चिरायचं नाही, खरवडायचं नाही!"

"अगो, नोटीस आहे ती!"

"मग नोटिशीला दूध पाजेपर्यंत होतात कुठे?"

वकिलांचा निवाडा पडला जे, न वाचवे ती नोटीस बजावली ऐसे होत नाही. साक्षीदार पाहावे तर आनंदीबाई, आणि त्या नागाखेरीज काही पाहिल्याचे कबूल होईनात. सबब नवी नोटीस, नवी मुदत. तोवर पाऊस सरेल. शिवणयंत्र महिपतरावांचेच ओटीवर खडखडू लागले. नाथूंनी म्हशीचे पाठीवर थाप मारोन फर्मान काढिले, "ऱ्हा गो सुखानं."

येणेप्रमाणे खोली राखिली. उपरांत नाथूंचा सरकारात अर्ज जे, नागोबांचे नाव सदर खोलीचे भाडेकरू म्हणोन दाखल व्हावे, आणि पुढील नोटिशीची एक नक्कल त्यांस वारुळात समक्ष बजावोन, पोच घेवोनच शिपायाने बाहेर यावे.