संडासावर नाव कुणाचं?

चिंचवस्तीच्या शाळेचं रूप दिवाळीच्या आत पालटून दाखवतो, असं बन्सीनं पालकसभेत छातीठोकपणे सांगितलं. शाळा व्यवस्थापन समितीचा तो नवाकोरा अध्यक्ष, आणि नव्या अध्यक्षाच्या हातात माईक आला की तो लवकर सुटत नाही. कमान, पाण्याची टाकी, पंखे, मुलींसाठी संडास, सगळं लोकवर्गणीतून! जो देईल त्याच्या वाडवडिलांचं नाव त्या वस्तूवर ठळक अक्षरांत!

नावाची ही युक्ती त्याची स्वतःची, आणि ती लागूही पडली. कमानीवरून तर दोन घरांत जुंपली. पंख्यांना इतकी गिऱ्हाइकं आली, की एका पंख्याच्या तीन पात्यांवर तीन दिवंगत सख्ख्या भावांची नावं टाकावी लागली. जन्मभर एकमेकांचं तोंड न पाहिलेले तिघे बटण दाबलं की एकामागं एक गरगर फिरायचे!

फक्त संडासाला कुणी हात लावेना.

"आबा, तेवढं पोरींच्या संडासाचं बघा की," बन्सी माजी सरपंचांना म्हणाला.

"म्हंजी माझ्या बापाचं नाव संडासावर?" आबा चहा टाकून उठले. "उठ! आधी ओट्यावरून खाली उतर!"

दुसरा एक जण मात्र लगेच तयार झाला. "देतो की! पर नाव माझ्या भावकीचं लिवा!"

हे ऐकून गाव हसलं. बन्सीला हसू येईना. त्याची मुलगी संस्कृती सातवीत होती. मधल्या सुट्टीत ती तेवढ्यासाठी घरी यायची, आणि घर लांब पडतं म्हणून परत जायचीच नाही. मुख्याध्यापिका आरती मॅडम तर एकदा त्याच्यावर उखडल्याच. "अध्यक्ष, दुपारनंतर माझ्या वर्गात एकही मुलगी दिसत नाही. कमानीला गणित शिकवू का?"

रात्री जेवताना त्यानं हे आईला सांगितलं. रतनबाईंनी हातातला घास खाली ठेवला.

"माझं नाव टाक."

"आये, लोक काय म्हनतील?"

"काय म्हनायचं ते म्हनू दे. आमचा जलम गेला उसाच्या फडाआड दबकत जान्यात. अंधार पडायची वाट बघत पोट धरून बसायचो आमी. पोरीबाळींना दाराला कडी लावून बसाया मिळंल, तिथं माझं नाव असलं तर काय वंगाळ हाय?"

आठवड्यात रतनबाईंच्या दोन शेळ्या बाजारात गेल्या आणि शाळेमागं भिंती उभ्या राहिल्या.

नाव रंगवायला श्रीरामपूरचा जस्टिन पेंटर आला. बन्सी तेव्हा वाळूच्या ट्रॅक्टरमागं पळत होता. त्यानं फोनवरच सांगून टाकलं, "आईचं नाव टाक. बाकी सगळं नेहमीसारखं!"

नेहमीसारखं म्हणजे कसं, हे जस्टिनला विचारायची गरज नव्हती. कमानीपासून पंख्यांपर्यंत त्यानं या शाळेत फक्त गेलेली माणसं रंगवली होती. त्यानं झोकदार अक्षरांत लिहिलं, 'कै. रतनबाई यांच्या स्मरणार्थ', आणि शेजारी एक समईही काढली.

संध्याकाळी बन्सीनं कौतुकानं फोटो काढला. रंग बघितला, फरशी बघितली, अक्षरं काही वाचली नाहीत. तसाच फोटो त्यानं पाहुण्यांच्या ग्रुपवर टाकून दिला, आणि खाली हात जोडलेली दोन चित्रं!

सकाळी राजूरहून जीप आली. रतनबाईंची धाकटी बहीण रंगुबाई वाटेपासूनच हंबरडा फोडत आली. "आक्का गं! मला न भेटताच गेलीस गं!"

रतनबाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. "रंगे, कोन गेलं गं?"

"तूच की!" रंगुबाई म्हणाली, आणि मटकन खाली बसली.

तोवर केडगावचे भाचे टेम्पो भरून हजर! दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून त्यांनी पिठलं-भाकरीची पाटी आणली होती. त्यांना पाणी देऊन, झाला प्रकार सांगून बन्सी घामाघूम झाला. रतनबाईंनी मात्र पिठलं चाखून बघितलं. "झालंय चांगलं. मीठ जरा कमी हाय."

बन्सीनं जस्टिनला फोन लावला. "बाबा, आई धडधाकट हाय माझी! आधी ते 'कै.' पुस!"

"पुसतो की. पर जित्या मानसाचं नाव लिवायचं, हे आधी सांगायचं न्हाई व्हय? घासायचं, परत रंग मारायचा. नवी मजुरी पडंल."

"दिली मजुरी! आत्ताच्या आत्ता ये!"

"थांब," रतनबाई म्हणाल्या. "संडासात पानी आलं का?"

"न्हाई अजून. नळाचं राहिलंय."

"मग ती मजुरी नळाला घाल. त्या जस्टिनला म्हनावं, येऊ नगंस. आज ना उद्या लिवायचंच हाय ते. त्यापायी पोरी कशाला खोळंबायच्या?"