मुंगी की चिलट

जुन्या वस्तूला नवे आयुष्य देणे हे पुण्यकर्म आहे, आणि पुण्यकर्म कधी घाईने करू नये, असे ऑस्ट्रेलियातल्या आमच्या मूंटा गावच्या संगणक मंडळाचे धोरण आहे.

मर्ल ट्रेगेन्झाबाई त्यांचा म्हातारा लॅपटॉप घेऊन मंडळात आल्या. तो सुरू होईस्तोवर त्यांची ओव्हनमधली पेस्टी भाजून निघे. त्यांची बहीण ईनिड समुद्रापलीकडे होबार्टच्या इस्पितळात शेवटच्या दुखण्याने पडली होती.

"मला बाकी काही नको रे," मर्लबाई म्हणाल्या. "तिचं तोंड दिसलं की झालं. रविवारी नर्स तिच्यासमोर फोन धरते म्हणालीय."

म्हाताऱ्या यंत्राला हलकी कार्यप्रणाली हवी, यावर तात्काळ एकमत झाले. (मंडळाच्या इतिहासातले हे शेवटचे एकमत.) अध्यक्ष क्लाइव्ह पॅस्को 'मुंगी' प्रणालीचे निघाले, डेस हॉकिंग 'चिलट'चे.

"तुझी मुंगी बसली की उठत नाही, क्लाइव्ह!"

"आणि तुझ्या चिलटाला आवाजच नाही."

"चिलट गप्प बसलं तर कुणाचं काय बिघडतं?"

बिनतोड मुद्दा होता. मग दर मंगळवारी यंत्रातले सगळे पुसायचे, नवी प्रणाली चढवायची आणि ते किती वेळात जागे होते ते मोजायचे, असे ठरले. मोजायला प्रत्येकाने खिशातून आपापला नवाकोरा फोन काढला. (त्यातल्या कुठल्याही फोनवर ईनिड दिसली असती, पण तो विषय सभेच्या पत्रिकेवर नव्हता.)

हलकेपणाला अंत नसतो. आधी चित्रे काढून टाकली, मग आवाज. कॅमेरा यंत्राला खोळंबून ठेवतो असे सिद्ध झाल्यावर तोही बंद केला. मर्लबाई दर शनिवारी विचारायच्या, "उद्या जमेल का?" आम्ही सांगायचो, "या रविवारी नको. प्रगती फार चांगली आहे."

शेवटी त्या दोहोंतल्या एका प्रणालीवर यंत्र डोळ्याचे पाते लवते न लवते तोच सुरू झाले. टाळ्या पडल्या. तेवढ्यात मर्लबाई आल्या.

"ईनिड गेली. गुरुवारी."

डेस हळहळून म्हणाला, "फार वाईट झालं, मर्ल. पण बघ तरी, कसं झटकन उठतं!"

त्यांनी पाहिले. काळ्या पडद्यावर एक पांढरी रेघ लुकलुकत होती. "छान आहे," त्या म्हणाल्या. "ठेवा तुमच्याकडेच." आणि पाऊस असूनही चालत निघाल्या. गाड्या आम्हा सर्वांकडे होत्या.

ही हकीगत मी पुष्कळांना सांगितली आहे. मर्लबाईंचे पुढे काय झाले, असे अजून कुणी विचारलेले नाही. तुम्हीही विचारणार नाही. तुम्हाला काय विचारायचे आहे ते मला ठाऊक आहे.

चिलट.