डॉल्फिनचे आरोग्य प्रमाणपत्र

मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी अमरावतीच्या एका संशोधन संस्थेत प्रियदर्शनीला परवानगीऐवजी शेरा मिळाला. ज्ञानाचा उगम जिज्ञासेत असला, तरी त्याची सुरुवात आवक क्रमांकापासून होते. तेव्हा वाईट वाटून घेण्यासारखे काही नव्हते.

तिचा प्रश्न साधा होता. डॉल्फिन, सील अशा समुद्री सस्तन प्राण्यांत तापाचा एक जंतू सापडतो. तो माणसाच्या रक्तातल्या संरक्षक पेशींत टिकतो काय? या पेशी म्हणजे चौकीदार. परका जंतू दिसला की गिळतात. गिळल्यावर तो मरतो, की आतच चूल मांडतो, एवढे तिला पाहायचे होते. जंतू किनाऱ्यावरच्या एका प्रयोगशाळेतून कुलूपबंद डब्यात आला होता. पेशी घरच्या होत्या. वडील जानराव यांनी गावाहून एसटीने येऊन रक्त दिले होते. काचेच्या बशीत त्या शनिवारपर्यंत जगणार होत्या (पेशींना मुदतवाढ देण्याची तरतूद नाही). सुरक्षित कक्षातली तिची पाळीही शनिवारीच संपत होती. पुढची चौदा महिन्यांनी.

परवानगी देणाऱ्या समितीचा जंतूला आक्षेप नव्हता. ‘जिल्ह्यात समुद्री सस्तन प्राणी नाहीत, असा दाखला जोडावा,’ एवढाच शेरा होता. समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे, हे सदस्यांना वैयक्तिकरीत्या माहीत होते. कागदोपत्री माहीत नव्हते.

मागणी पशुसंवर्धन खात्याच्या वरच्या कार्यालयात गेली. तिथून चौदा तालुक्यांना हाताशी असलेला तक्ता, म्हणजे पशुगणनेचाच, जनावराचे नाव बदलून रवाना झाला. रकाने: नर, मादी, पिल्ले, दुधाळ, भाकड, ओढकामाचे. बुधवारी दुपारपर्यंत तेरा तालुक्यांनी ‘निरंक’ कळवले (‘निरंक’ लिहिण्यासाठी तक्ता उघडावा लागत नाही). चौदाव्याने तो उघडला, आणि ‘एक’ लिहिले.

हा एक डॉल्फिन तिथल्या सार्वजनिक बागेतला होता. सिमेंटचा, निळा, जबडा उघडा. जबड्यावर ‘कचरा येथे टाका’. नोंद झाल्यामुळे तो जनावर ठरला आणि जनावर म्हटले की तपासणी आली. ती पशुधन पर्यवेक्षक खुशालराव यांच्याकडे आली, गुरुवारसाठी. गुरुवारी ते जानरावांच्या बकऱ्या तपासणार होते. बकऱ्यांचे गर्भ पडत असल्याचा जानरावांचा अर्ज सात आठवड्यांचा होता.

हे कळताच जानराव बागेत पोहोचले.

“माह्या चार बकऱ्या गाभडल्या, खुशालराव. अन तुमी कचऱ्याच्या डब्याले सुई टोचून राहिले?”

“डब्याचं पत्र वरून आलं, जानरावभाऊ. तुमचा अर्ज खालून आला.”

“मले रोज सांजीले ताप येते. त्याचं काय?”

“माणसाचं खातं आमच्याकडे नाही.”

खुशालराव चोख माणूस. त्यांनी लिहिले: ‘जनावर शांत. आहार: वेफर्सची पाकिटे. ताप: ऊन असेपर्यंत. रक्त निघाले नाही, सुई वाकली. कान नसल्याने बिल्ला पंखाला तारेने बांधला. गाभडल्याचा इतिहास नाही.’

शुक्रवारी सकाळी हे प्रमाणपत्र जोडले गेले आणि परवानगी आली. दाखला ‘नाहीत’चा हवा होता, आला ‘आहे, पण निरोगी’चा, पण सोबत शिक्का असल्याने फरक कुणाला जाणवला नाही.

प्रियदर्शनीने बशा मांडल्या. काहींत डॉल्फिनचा जंतू घातला. काही तुलनेसाठी, कशाचाही स्पर्श न झालेल्या. शनिवारी दुपारी तिने आधी या कोऱ्या बशा पाहिल्या. त्यांतल्या पेशींत जंतू होते, सहकुटुंब. तिने दोनदा तपासले. ते डॉल्फिनचे नव्हते. त्याच घराण्यातले, बकऱ्यांत आढळणारे होते. जानरावांच्या रक्ताबरोबर एसटीनेच आले होते. आधीच भाडेकरू असलेल्या घरात पाहुण्याचे काय होते, हे सांगता येणार नव्हते. प्रयोग बाद झाला.

तिने घरी फोन लावला.

“बाबा, गाभडलेली पिल्लं कोणी काढली?”

“म्याच. हातानं. दुसरं कोण हाय?”

“अन दूध? तापवून घेता ना?”

“आमाले कुठं उरते वं, बाई? डेंगूनं पेशी कमी झाल्या म्हणून अमरावती-अकोल्याचे लोकं गाडीनं येतेत. उभ्या उभ्या ग्लासभर पेतेत. कच्चंच मांगतेत. चांगले शिकेल लोकं हायत.”

तिने त्यांना त्याच दिवशी दवाखान्यात नेले. गोळ्या सुरू झाल्या. दूध देणे त्यांनी बंद केले. रांग कुरकुरत शेजारच्या गोठ्याकडे सरकली. बकऱ्यांचा अर्ज पुढच्या गुरुवारी घेतला जाईल, असे कळते (त्या दिवशी डॉल्फिनची फेरतपासणीही आहे).

बकरीचे कच्चे दूध पिणाऱ्यांचा शोध घेण्यासाठी दोन्ही शहरांत घरोघर तक्ता फिरला. सोमवारी सायंकाळपर्यंत दोनशे बारा घरांची माहिती आली. त्यात तुमचेही घर आहे. पिणाऱ्यांची संख्या: निरंक.