पुसण्याची उष्णता

कार्यालयातील संगणकांची यंत्रखोली तापते, ही बाब वरिष्ठांच्या निदर्शनास आली. साहेब नुकतेच एक व्याख्यान ऐकून आले होते. माहिती पुसली की उष्णता बाहेर पडते, हा निसर्गनियम त्यांना तिथे कळला. उष्णता किती, हे सांगण्याच्या वेळी ते चहाला उठले होते. दुसऱ्याच दिवशी आदेश निघाला: यापुढे कोणीही काहीही पुसू नये.

यंत्रखोली सांभाळणाऱ्या बाईंची लेक छकुली शेजारच्याच पाळणाघरात असायची. बाईंनी अदबीने तोंड उघडलं.

"साहेब, ती उष्णता मुंगीच्या फुंकरीएवढीसुद्धा नाही. खरी तापतात ती चालू ठेवलेली यंत्रं."

"पण नियम आहे ना?"

"आहे."

"झालं तर मग. नियमाला लहान-मोठा म्हणणारे आपण कोण, बाई?"

मग चुकलेली पत्रं, ती चूक दुरुस्त करताना पुन्हा चुकलेली पत्रं, सुप्रभातचे संदेश, हिशेबनिसांच्या मांजराची छायाचित्रं, सगळं जतन होऊ लागलं. जागा पुरेना म्हणून नवी यंत्रं आली. खोलीची भट्टी झाली. कोणीतरी चोरून पुसतंय, असा साहेबांचा निष्कर्ष निघाला. चौकशी बसली, तिचे अहवालही जतन झाले. अखेर पाळणाघरातला एसी काढून यंत्रखोलीत लावण्यात आला.

छकुलीच्या मानेवर घामोळं उठलं. बाई पुन्हा साहेबांसमोर उभ्या राहिल्या.

"साहेब, एसी यंत्रांनाच राहू द्या. मी पोरांना यंत्रखोलीत निजवते."

आदेशात तशी मनाई नव्हती. सतरंज्या पडल्या. छकुली नुकती रांगायला लागलेली. तिला नव्या यंत्रांचा लाल दिवा दिसला, दिव्याखालचं बटण दिसलं. बाईंना तिचा रोख दिसला. एरवी त्यांनी झडप घालून उचललं असतं. नेमकी त्याच वेळी त्यांना दुपट्यांच्या घड्या घालायची आठवण झाली.

नवी यंत्रं गप्प झाली. खोली गार पडली. जपलेलं सगळं बंद यंत्रांत पडून राहिलं आणि कोणाचं काही म्हणता काही अडलं नाही.

"बघा," साहेब खुशीत म्हणाले, "पुसणं थांबवलं आणि फरक पडला."

एसी पाळणाघरात परत गेला. घामोळं विरलं.

घरी लेकीचं बोळकं टिपायला बाईंनी फोन उचलला, तर जागा संपलेली. आत छकुलीच्या एकाच जांभईची ढीगभर छायाचित्रं. बाईंनी एकावर बोट ठेवलं आणि हळूच उचललं.

"राहू दे. उगाच उष्णता व्हायची."

हसलात ना? आता तुमचा फोन जरा तळहातावर घेऊन बघा. कोमट लागतोय?