एफ-वन आणि ठवकरभाऊंचा पेन

आमच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर एफ-वनचं बटण दाबलं की स्क्रीनवर पाटी येते: ‘मदत पाहिजे असंन तं तोंडानं माग. मी इथंच बसून राहिलो.’ यातला मी म्हणजे ठवकरभाऊ. जगभर हे बटण मदतीचंच आहे, पण दाबल्यावर इंग्रजीतली पानंच्या पानं उघडतात. ती लिहिणाऱ्यानंही वाचली नसतील, असं भाऊंचं मत. म्हणून त्यांनी ती बंद केली आणि त्या जागी स्वतः जाऊन बसले.

आमचं ऑफिस नागपूरच्या सदरमध्ये, एका चपलांच्या दुकानाच्या वर. जमिनीचे नकाशे काढायचे, हा धंदा. नकाशांचं सॉफ्टवेअर जुनं, ते फक्त युनिक्सच्या मशिनींवर चालतं, आणि त्या मशिनी फक्त ठवकरभाऊंचं ऐकतात. कोणतं बटण काय करेल हे तिथे एका लहानशा फाइलीत लिहून ठेवता येतं. भाऊंना त्या फाइलीचा शोध लागला आणि माकडाच्या हाती कोलीत मिळालं.

त्यांच्या घरीही तेच. दाराशेजारचं पहिलं बटण कूलरचं. नागपुरात बाहेरून आलेल्या माणसाला आधी वारा पाहिजे, दिवा मागून, असं त्यांचं शास्त्र. डिसेंबरातल्या एका संध्याकाळी मी दिवा लावायला गेलो आणि सहा महिन्यांची धूळ वहिनींच्या अंगावर उडवली. पाहुण्यांकडून हे होतंच, असं म्हणून त्यांनी पदर झटकला. ऑफिसखालच्या गाडीवर भाऊ प्लेटमध्ये आधी तर्रीचा झणझणीत रस्सा घेतात आणि वरून पोहे. का म्हणून विचारलं की ठरलेलं उत्तर, ‘बोटाले विचार गा, डोक्याले कायले तरास देतो?’

सहा वर्षांपूर्वी एका सोमवारी आम्ही कामावर आलो तर सगळ्यांचीच बटणं बदललेली. नकाशा साठवणं, छापणं, रेघ पुसणं, सगळं उजव्या टोकाला, एफ-नाइनपासून पुढे. पूर्वी डाव्या हातानं कंट्रोलचं बटण धरून उजव्यानं दुसरं दाबावं लागे. आता एका बोटात काम. आम्ही आठवडाभर बोंबललो. भाऊंनी सांगितलं, डावा हात खर्र्याची पुडी धरायला मोकळा ठेवला आहे. हे मात्र सगळ्यांना तात्काळ पटलं, कारण आमच्या ऑफिसात तंबाखू-सुपारीवाचून रेघ सरळ येत नाही.

त्यांची दुसरी खोड पेनाची. दिवसातून तीन-चार वेळा उठायचे, माझा पेन कुठी गेला गा म्हणत हॉलभर फिरायचे आणि शेवटी वंदनाताईंच्या टेबलाशी थांबायचे. वंदनाताईंइतके चोख नकाशे आमच्यात कोणी काढत नाही. पेन तिथे कधी सापडला नाही, पण जाता जाता भाऊ त्यांच्या छपाईच्या मशिनीत कागदाचा रोल बसवून देत, नाहीतर भिंतीवरचा मोठा नकाशा उतरवून देत. आम्ही एकमेकांना डोळे मिचकावायचो. आज त्याची लाज वाटते.

मग पुण्याहून नवे साहेब आले. महिनाअखेरीस प्रत्येकाचं काम मोजणार, जो मागे पडेल त्याचं नाव कमी करणार, आणि त्याआधी सगळी बटणं मूळच्या जागी आली पाहिजेत, असं त्यांनी जाहीर केलं. खर्र्याचं कारण ऐकून तर ते लालच झाले. एरवी भाऊ कशावरूनही तासभर भांडतील, पण त्या दिवशी त्यांनी हात जोडले. ‘साहेब, हे एवढं राहू द्या,’ असं दोनदा म्हणाले. साहेबांनी बटणांच्या फाइली पुसायचं काम माझ्यावर टाकलं.

जेवणाच्या सुट्टीत मी कामाला लागलो. वंदनाताई डबा धुवायला गेल्या होत्या, म्हणून आधी त्यांच्या खुर्चीत बसलो. फाइल सापडेना. सवयीनं एफ-वन दाबलं. पाटी आली नाही, काहीच झालं नाही. पण हॉलच्या दुसऱ्या टोकाला आपल्या स्क्रीनसमोर जेवत बसलेले ठवकरभाऊ अर्ध्यावरून उठले, पेन शोधत शोधत आले आणि खुर्चीत मला पाहून थबकले. बोटं भाजीची, आणि पेन खिशाला लावलेला.

मी कीबोर्डकडे पाहिलं. डावीकडच्या कंट्रोलच्या बटणावर धूळ बसली होती. सहा वर्षांपूर्वी ताई तीन महिने आजारी होत्या. परतल्यावर डावा हात जरा कमजोर झालाय, एवढंच म्हणाल्या होत्या. काम कधी मागे पडलं नाही, म्हणून आम्ही विसरूनही गेलो. ज्या सोमवारी त्या कामावर परतल्या, तोच आमचा बटणांचा सोमवार. आणि भाऊंनी तर जन्मात खर्रा खाल्लेला नाही.

‘त्यांच्या एकट्यांचीच बटणं बदलायची होती ना, भाऊ,’ मी म्हणालो.

‘मंग रोज तिचा आजारच दिसला असता गा,’ भाऊ हळू आवाजात म्हणाले. ‘साऱ्यायचीच बदलली, तं ऑफिसची सवय झाली.’

मी तसाच उठून साहेबांकडे गेलो. सुपारीचं खांडसुद्धा तोंडात न टाकणारा मी, त्यांना म्हणालो की मला खर्र्याशिवाय जमत नाही, कोणालाच जमत नाही. डावा हात अडकला तर सगळे पुड्या घेऊन जिन्यात उभे राहतील आणि नकाशे तसेच राहतील. साहेबांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि हुकूम मागे घेतला. तेव्हापासून ते माझ्याशी जरा लांबूनच बोलतात.

मागच्या महिन्यात भाऊ निवृत्त झाले आणि पारशिवनीला शेतावर राहायला गेले. शेवटच्या दिवशी माझ्या मशिनीवर बराच वेळ काहीतरी खुडबूड करत होते. ते गेल्यावर मी एफ-वन दाबून पाहिलं. पाटी तशीच होती, ‘मी इथंच बसून राहिलो.’ समोरची भाऊंची खुर्ची रिकामी होती.

मंगळवारी नकाशा काढता काढता माझ्या स्क्रीनच्या कोपऱ्यात एकच शब्द उमटला, ‘पेन’. क्षणभर कळेना. मग भाऊंची शेवटच्या दिवसाची खुडबूड आठवली. उठलो आणि माझा पेन कुठे गेला, असं मोठ्यानं विचारत हॉलभर फिरलो. वंदनाताईंच्या टेबलाशी कागदाचा नवा रोल उभा होता.

‘तुमचाही खिशालेच आहे,’ त्या हळूच म्हणाल्या आणि रोलचं एक टोक माझ्याकडे केलं.