चष्मेवाल्यांचं ऑटोमॅटिक गेट

"तू आता थक्कच होणार आहेस," चष्मेवाले बायकोला म्हणाले. "नुसतं बसून बघायचं. गेट आपोआप उघडणार, गाडी आत येणार, गेट आपोआप बंद होणार. कुणाचा हातसुद्धा लागणार नाही!"

"बरं," बायको म्हणाली आणि कपाटातली बरणी खाली काढून पुसायला लागली.

हे "बरं" चष्मेवाल्यांच्या जिव्हारी लागलं. थक्क होणं हा त्यांचा स्वतःचा आवडता उद्योग होता. बाजारात त्यांचं चष्म्यांचं दुकान होतं आणि नवा चष्मा चढवून एखादं गिऱ्हाईक "अरेच्चा, समोरची पाटी वाचता येते की!" असं म्हणालं, की गिऱ्हाइकापेक्षा त्यांनाच जास्त भरून यायचं. लिफ्टमधून बाहेर पडताना ते अजूनही तिच्याकडे वळून आदराने बघत. आणि नशिबाने त्यांना बायको अशी मिळाली होती, की जिला कशाचंच काही वाटत नव्हतं. लग्नानंतर हौसेने समुद्र दाखवायला नेलं, तर ती घटकाभर बघून म्हणाली, "पाणी बरंच आहे." विमानात बसवलं, तर तिने ढगांकडे एकदा पाहिलं आणि समोरच्या सीटचा ढिला स्क्रू नखाने पिळून घट्ट केला. खग्रास सूर्यग्रहण लागलं, भर दुपारी अंधारून आलं, पाखरं घरट्याकडे परतली, चष्मेवाल्यांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. ती म्हणाली, "कपडे वाळायचे राहिले."

मरण्यापूर्वी एकदा तरी हिच्या तोंडाचा आ झालेला बघायचा, एवढी एकच इच्छा त्यांच्या मनात उरली होती. आणि ती पुरी होण्याची वाट त्यांना शेजारच्या गेटात दिसली.

शेजारी दातांचे डॉक्टर राहत. त्यांनी नुकतीच आपल्या सरकत्या गेटाला मोटर बसवली होती. गाडीतून न उतरता डॉक्टर एक बटण दाबत आणि ते गेट अदबीने बाजूला सरके. चष्मेवाले रोज सकाळी कुंपणाशी उभे राहून हा सोहळा बघत. तोंड उघडं टाकून त्यांना असं रोज उभं राहिलेलं पाहून डॉक्टरांनी शेवटी काळजीने विचारलं, "दाढ दुखतेय का?"

त्याच दिवशी चष्मेवाल्यांनी मोटरवाल्या मेकॅनिकला फोन लावला. "गेट केवढं आहे?" त्याने विचारलं. "असतं तेवढंच," चष्मेवाले म्हणाले. "सगळ्यांचं असतं तेवढं."

मेकॅनिक आला तो दिवस त्यांनी दुकान बंद ठेवून साजरा केला. गेटाच्या बाजूला सिमेंटचा ओटा आधीच करून ठेवला होता. मेकॅनिकने त्यावर मोटर पक्की केली, गेटाच्या अंगावर खालून दातेरी पट्टी जोडली, आणि दोन्ही खांबांवर समोरासमोर दोन बारकेसे काचेचे डोळे बसवले. चष्मेवाले मागे मागे फिरत होते. डोळे बसल्याबरोबर त्यांनी खिशातलं मऊ फडकं काढून ते दोन्ही पुसले.

"याला दिसतं?" त्यांनी हळूच विचारलं.

"मधे काही आलं तर कळतं," मेकॅनिक म्हणाला. "आणि समजा डोळ्यांना नाही दिसलं आणि गेट कशाला अडलं, तरी मोटरला जोर लागतो त्यावरून समजतं. लगेच थांबते आणि गेट मागे घेते."

"म्हणजे चुकून एखाद्याला लागलं तर माघार घेते?"

"घेते ना."

"माणसंसुद्धा घेत नाहीत हो!" चष्मेवाले गहिवरून म्हणाले.

"आता एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन गेट स्वतःच शिकून घेईल, कुठे थांबायचं ते. एकदा शिकलं की झालं."

एकदाच सांगून शिकणारी वस्तू आपल्या घरात येते आहे, या विचाराने चष्मेवाल्यांनी खांबांवरचे डोळे पुन्हा एकदा पुसले. गाडी त्यांनी सकाळीच रस्त्यावर नेऊन गेटासमोर उभी केली होती. आता त्यांनी डॉक्टरांना हाक मारली आणि स्वयंपाकघराच्या खिडकीखाली जाऊन ओरडले, "अगं, ये लवकर! असं दृश्य पुन्हा दिसायचं नाही!"

ती आली. हातात डाव होता. "गॅसवर आमटी आहे," ती म्हणाली, "पटकन दाखवा."

मेकॅनिकने बटण दाबलं. मोटर घुमली, गेट वीतभर सरकलं, थबकलं आणि जिथून निघालं होतं तिथे परत गेलं.

"झालं?" बायकोने विचारलं.

"छे, छे! त्याला काहीतरी अडथळा जाणवला," चष्मेवाले म्हणाले. "आपल्याला दिसत नाही, पण त्याला कळलंय."

मग अडथळ्याचा शोध सुरू झाला. रुळातला पालापाचोळा झाडून काढला. कुंडी हलवली. डॉक्टरांना दोन पावलं मागे सरकायला सांगितलं, मग आणखी दोन, आणि शेवटी त्यांच्या स्वतःच्या अंगणात पाठवलं. दर वेळी गेट वीतभर यायचं आणि परत जायचं. चष्मेवाले दुकानातलं भिंग घेऊन रुळावर पालथे झोपले. तिथे एक मुंगी सापडली. ती त्यांनी अलगद बाजूला केली.

"मुंगीसुद्धा कळते?" कुंपणापलीकडून डॉक्टरांनी दबक्या आवाजात विचारलं.

"कळत असणार," चष्मेवाले म्हणाले. त्यांच्या अंगावर काटा आला होता. "डॉक्टर, हे यंत्र आपल्या फार पुढे गेलेलं आहे."

बायको आमटी बघायला आत निघून गेली. चष्मेवाल्यांचा धीर सुटला. "अहो, तिने बघायला हवं हो," ते मेकॅनिकला म्हणाले. "तिच्यासाठीच तर केलंय सगळं. काहीही करा."

मेकॅनिकने मोटरची पेटी उघडून आतल्या स्क्रूने तिचा जोर वाढवला. जरासा नाही, होता तेवढा सगळा. या वेळी गेट कण्हत कण्हत निघालं. वीत झाली, हात झाला, अर्धं गेट उघडलं! चष्मेवाल्यांना राहवेना. ते धावत जाऊन गाडीत बसले. बायको पुन्हा बाहेर येईल तेव्हा गाडी डौलात आत शिरत असावी, या हिशेबाने त्यांनी हॉर्न वाजवला आणि गाडी आत घातली.

नेमकं तेव्हाच मोटरने एक लांब सुस्कारा सोडला. पेटीच्या फटीतून निळसर धूर आला आणि गेट जागच्या जागी थिजलं. गाडीचं नाक आत आणि बाकी सगळं अंग रस्त्यावर, बाजूचे आरसे मिटले तरी पुढे सरकेना. मागे घ्यावी, तर तिथे शाळेची बस येऊन टेकलेली. तिच्यामागे पाण्याचा टँकर. दोघांनी मिळून असे हॉर्न लावले की आळीतल्या खिडक्या एकेक करून उघडायला लागल्या.

"घाबरू नका!" मेकॅनिक म्हणाला, आणि मोटरला किल्ली लावून त्याने ती गेटापासून सोडवली. "आता हे साधं गेट झालं. हाताने ढकला."

चष्मेवाल्यांनी ढकललं. गेट हललं नाही. मेकॅनिकने खांदा लावला. डॉक्टर कुंपणावरून उडी मारून आले. बसचा ड्रायव्हर शिव्या द्यायला उतरला होता, तोही लागला. चौघांचे चेहरे लालबुंद झाले, डॉक्टरांच्या शर्टाची शिवण उसवली. गेट आपलं होतं तिथेच. मेकॅनिकने गेटावर बोटांच्या पेरांनी ठोकून पाहिलं आणि त्याचा चेहरा बदलला.

"काका, हे आत भरीव आहे. बनवलं कुणी?"

"आधीच्या मालकांनी. तिजोऱ्यांचा कारखाना होता त्यांचा."

"म्हणजे अडथळा नव्हताच!" मेकॅनिक मटकन खाली बसला. "मोटरला गेटच अडथळा वाटत होतं. मग मला सांगा, आजवर हे उघडत कसं होतं?"

"कसं म्हणजे?" चष्मेवाले गोंधळले. हा प्रश्न त्यांना कधी पडलाच नव्हता. "उघडतं. मी बाहेर येऊन हॉर्न वाजवतो. जरा रेडिओवर काहीतरी शोधतो, की उघडतं."

मेकॅनिकने त्यांच्याकडे बघितलं. "म्हणजे तुमच्याकडे आधीपासूनच ऑटोमॅटिक होतं."

तेवढ्यात मघाचा हॉर्न ऐकून बायको बाहेर आली. एका हातात डाव, दुसऱ्या हातात डावाखाली धरलेली बशी. तिने चौघांकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं. "सरका जरा," ती म्हणाली. डाव आणि बशी तिने डॉक्टरांच्या हातात दिली, गेटाला कंबर लावली, पायाचा अंगठा जमिनीत रोवला, आणि गेट गडगडत त्या टोकापर्यंत गेलं.

टँकरवालासुद्धा हॉर्न वाजवायचा थांबला. मेकॅनिकने नकळत डोक्यावरची टोपी काढून हातात धरली. बसच्या खिडक्यांमधून मुलांची डोकी बाहेर आली होती, त्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

"वहिनी," डॉक्टर चाचरत म्हणाले, "हे तुम्ही रोज...?"

"हे दुकानात जाताना, हे येताना. आणि दूधवाला, गॅसवाला येतो तेव्हा," ती म्हणाली. "पावसात जरा जड जातं." आणि डाव-बशी परत घेऊन ती आत गेली, कारण आमटी उतू जाईल अशी तिला धास्ती होती.

चष्मेवाले गाडीजवळ उभेच राहिले. समुद्र, विमान, सूर्यग्रहण, डॉक्टरांचं गेट, कशाहीपुढे ते इतके लहान झाले नव्हते. लोकांना नीट दिसावं म्हणून आयुष्य घालवलेल्या माणसाला घरातली ही गोष्ट कधी दिसली नव्हती. त्यांना भयंकर लाज वाटली आणि त्याहून भयंकर अभिमान वाटला, आणि दोन्हींचं काय करायचं ते कळेना, म्हणून ते गाडी आत घेऊन तिच्यातच बसून राहिले.

मेकॅनिक जळलेली मोटर काढून घेऊन गेला. कारखान्याच्या गेटाला लावतात तसली मोठी मागवावी लागेल, म्हणाला. "येईलच. तोवर काकू आहेतच की."

दुसऱ्या दिवशी सकाळी चष्मेवाले, कधी नव्हे ते, दुकानात चालत गेले. पण गाडी किती दिवस आत ठेवणार? त्याच्या पुढच्या दिवशी सकाळी बायकोनेच गेट उघडून दिलं आणि संध्याकाळी गाडी घेऊन ते घरासमोर आले. सवयीने हात हॉर्नवर गेला. तो त्यांनी उचलला आणि मांडीवर ठेवला. मग रेडिओ बंद केला आणि खाली उतरले.

पहिल्या झटक्यात गेट हललं नाही, त्यांचा खांदा मात्र हलला. दुसऱ्यांदा त्यांनी बायकोसारखी कंबर लावून पाहिली. कंबर जागची सरकली. चष्मा नाकावरून घसरून रुळात पडला, तो उचलून खिशात टाकला आणि काही दिसत नसताना त्यांनी डोळे मिटून, दात खाऊन, आईचं नाव घेऊन रेटा दिला. गेट बोटभर आलं. मग वीतभर. मग एकदा चाक सुटल्यावर ते स्वतःच त्यांना ओढत घेऊन निघालं आणि ते धडपडत त्या टोकाला जाऊन आदळले. शर्टाची दोन बटणं वाटेत राहिली. धाप लागली होती, तळहात सोलवटले होते.

त्यांनी चष्मा चढवून वर बघितलं.

हॉर्न वाजला नाही आणि गेट कसं गडगडलं, हे बघायला बायको पायरीवर आली होती. तिथेच खिळली होती. डोळे मोठे झाले होते, एक हात गालावर गेला होता, आणि तोंडाचा आ झाला होता. अगदी गोल.

"अगंबाई!" ती म्हणाली. "तुम्ही? तुम्ही उघडलंत?"

चष्मेवाले नुसते हसले.

ती तरातरा कुंपणाकडे गेली. "अहो डॉक्टर! पटकन बाहेर या, हे बघा काय झालंय!" आणि परत वळून नवऱ्याला म्हणाली, "असंच उभं नका राहू हो, ते येताहेत. बंद करा आणि पुन्हा एकदा उघडून दाखवा ना!"

चष्मेवाल्यांनी सोलवटलेले हात पँटला पुसले आणि गेट पुन्हा बंद करायला घेतलं.