सतरा जणांची खातरजमा

सकाळी साडेसातला सरांचा फोन बादलीत पडला. पडला तो थेट तळाशी गेला आणि बाहेर काढल्यावर दोनदा उजळून कायमचा विझला.

सर कम्युनिटी कॉलेजात शिकवत. दिवसभर कामधंदा करणारी माणसं संध्याकाळी तिथे येत आणि काहीबाही शिकून जात. सरांचा विषय होता सायबर सुरक्षा. फोनवरून, संगणकावरून होणारी फसवणूक ओळखायची कशी आणि स्वतःला, दुकानाला, कचेरीला वाचवायचं कसं, हे ते सतरा विद्यार्थ्यांना शिकवत. सगळ्यांत धाकटी होती एका दवाखान्यातली नर्स आणि सगळ्यांत मोठे होते निवृत्त पोस्टमास्तर. "कुणावरही विश्वास ठेवू नका," हे सरांचं पहिल्या दिवसाचं पहिलं वाक्य. "मी सांगतो म्हणून माझ्यावरही नाही." यावर वर्ग हसला होता. पोस्टमास्तरांनी मात्र ते वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या.

फोनचं दुःख आवरून सर कॉलेजात पोचतात तो प्राचार्य दारातच उभे.

"उद्या दहाला तपासणी! निरोप आत्ता आला. तपासणी कार्यालयातल्या मॅडम स्वतः येणार आहेत. पंधराच्या खाली हजेरी भरली तर वर्ग बंद. तुम्हीही बंद, असं समजा."

"पण परीक्षा पंधरा दिवसांवर आलीय त्यांची!"

"ते मॅडमना सांगा. आधी माणसं गोळा करा. आणि हो, विद्यार्थ्यांची ही माहितीही आजच भरून हवी." प्राचार्यांनी एक लिंक लिहिलेला कागद हातात ठेवला.

सर धावत घरी आले, बायकोचा फोन घेतला आणि हजेरीपटावरचे नंबर बघून सतरा जणांना निरोप धाडला: 'तातडीचे! उद्या सकाळी दहाला तपासणी कार्यालयातून अधिकारी येत आहेत. सर्वांनी वर्गात हजर राहावे व खालील लिंकवर आपली संपूर्ण माहिती आजच भरावी. न भरल्यास वर्ग कायमचा बंद होईल. – सर.'

अनोळखी नंबर, घाई, धमकी आणि लिंक. फसव्या निरोपाच्या या चार खुणा सरांनी गेल्याच आठवड्यात फळ्यावर लिहून दिल्या होत्या. आपण आत्ता त्या चारही एका निरोपात बसवल्या, हे गडबडीत त्यांच्या ध्यानातही आलं नाही. वर्गाच्या मात्र आलं. दहा मिनिटांत सतराच्या सतरा जणांनी तो नंबर ब्लॉक केला. पोस्टमास्तरांनी ब्लॉक करण्यापूर्वी एक ओळ पाठवली. ती सरांच्या बायकोने वाचली.

"अहो, हे बघा काय लिहिलंय! 'तुमची तक्रार सायबर पोलिसांत नोंदवली आहे.' माझी तक्रार? मी काय घोडं मारलंय यांचं?"

"तुझी नाही गं. माझीच."

"नंबर माझा आहे ना? उद्या पोलीस दारात आले तर चहा तुम्हीच करा!"

इकडे विद्यार्थ्यांनीही सरांना फोन लावून पाहिला होता. तो बंद. एरवी वर्गातही फोन बंद न करणाऱ्या सरांचा फोन नेमका आजच बंद! संशय पक्का झाला. कुणीतरी सरांचं नाव वापरतंय. कदाचित सरांनाच गाठलंय.

त्या संध्याकाळी नेमका वर्गही नव्हता, म्हणून दुपारी चारला सर स्वतःच निघाले. विद्यार्थ्यांपैकी सर्वांत जवळ राहायच्या शिवणकाम करणाऱ्या काकू. दुसरा मजला, अंधारा जिना, आत मशिनची घरघर. सरांनी बेल वाजवली. मशिन थांबलं. दार चार बोटं उघडलं, साखळी तशीच राहिली.

"काकू, मी सर."

"दिसताय तसे." काकूंच्या गळ्यात टेप होती आणि हातात कात्री. "पण दिसण्यावर जायचं नाही, आवाजावर तर मुळीच नाही, असं सरांनी शिकवलंय."

"अहो, ते फोनवरच्या माणसांबद्दल!"

"मग सांगा, पहिल्या तासाला मी कुठल्या बाकावर बसले होते?"

सरांनी डोकं खाजवलं. "पहिल्या?"

"पहिल्या तासाला मी आलेच नव्हते. माझी नणंद आजारी होती." काकूंनी कात्री जरा वर धरली. मग एकदम त्यांचा आवाज उतरला. "सर, तुम्हीच असाल तर एक सांगा. कुणी दम देऊन पाठवलंय का तुम्हाला? बोलता येत नसेल तर नुसते डोळे मिचकावा."

जिन्यावर कुणीतरी सतरंजी झटकत होतं. नेमकी तेव्हाच सरांच्या डोळ्यात धूळ गेली. त्यांनी एकदा नाही, चांगले पाच-सहा वेळा डोळे मिचकावले.

"कळलं," काकू कुजबुजल्या. "काळजी करू नका. आम्ही बघतो." आणि दार लागलं.

सरांनी आणखी तीन घरं केली. तोवर काकूंनी सगळ्यांना कळवलं होतं. नर्सच्या घराला बाहेरून कुलूप होतं आणि आतून कुणीतरी शिंकत होतं.

दुसऱ्या दिवशी दहाच्या ठोक्याला मॅडम वर्गात शिरल्या. हातात जाड फाइल, कपाळावर आठी. समोर सतरा बाक मोकळे. प्राचार्य घाम पुसत होते, सर दाराकडे बघत होते.

"कागदावर सतरा दिसतात. बाकावर?" मॅडमनी विचारलं.

"येतीलच."

"कागदावरचे विद्यार्थी मी पुष्कळ पाहिलेत सर. पगार मात्र खराखुरा निघतो." मॅडमनी हजेरीपट उचलून उजेडाकडे धरला. "सह्या वेगवेगळ्या पेनांनी केल्यात. मेहनत घेतलीय."

सरांचा चेहरा लालबुंद झाला. "मॅडम, माझी माणसं खरी आहेत! तुम्ही फोन लावा कुणालाही."

मॅडमनी पटावरचा एक नंबर लावला. पलीकडून नर्सचा ठणठणीत आवाज आला, "आधी तुम्ही कोण ते सिद्ध करा!" आणि फोन कट. मॅडमची आठी आणखी खोल गेली. त्यांनी फाइल उघडून 'बंद' लिहायला पेन टेकवलं, एवढ्यात त्यांचाच फोन वाजला. कार्यालयातला खिडकीवरचा कारकून होता.

"मॅडम, इथे माणसं आलीत. रांगच लागलीय. तुम्ही खऱ्या आहात का, विचारतायत."

"मग तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, चौकशी करून सांगतो."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "किती माणसं आहेत?"

"सतरा."

निरोपात ज्या कार्यालयाचं नाव असेल तिथेच प्रत्यक्ष जाऊन विचारायचं, हेही सरांनीच शिकवलं होतं. पोस्टमास्तरांनी सकाळी नऊलाच सगळ्यांना कार्यालयाच्या फाटकावर जमवलं होतं. मॅडमनी गाडी काढली, सरांना आणि प्राचार्यांना मागे बसवलं.

रांगेत दुसऱ्या क्रमांकावर काकू होत्या. सरांना बघून त्यांचा जीव भांड्यात पडला. "सर! सुटलात? की तुम्हीपण खात्री करायलाच आलात?"

पोस्टमास्तर पुढे झाले, त्यांनी नमस्कार करून मॅडमचं ओळखपत्र मागितलं. ते चष्मा वर करून वाचलं, भिंतीवरच्या अधिकाऱ्यांच्या यादीशी ताडून पाहिलं आणि परत दिलं.

"खऱ्या आहेत," त्यांनी जाहीर केलं. रांगेने सुटकेचा श्वास सोडला. "आता तुमच्या परवानगीने एक बोलू का मॅडम? तुमच्या या खिडकीवरच्या साहेबांनी पासवर्ड चिठ्ठीवर लिहून स्क्रीनला चिकटवलाय. तासाभरात आम्ही सगळ्यांनी तो वाचला."

"जुना आहे तो!" कारकून उसळला.

"नाही हो," काकू म्हणाल्या, "मघाशी तुम्ही तोच टाकलात. बोटं बघितली मी. शेवटी दोनदा चार. मापं लक्षात ठेवून ठेवून सवय झालीय बघा."

कारकुनाने दोन्ही हात टेबलाखाली घेतले. मॅडमनी चिठ्ठी ओरबाडून मुठीत चुरगाळली. मग रांगेच्या टोकापासून त्यांनी स्वतः एकेक डोकं मोजलं आणि तिथेच, खिडकीच्या कट्ट्यावर फाइल टेकवून लिहिलं: 'उपस्थिती: सतरा. स्थळ: आमचेच कार्यालय. वर्ग चालू ठेवावा.'

"सर," फाइल मिटत त्या हळूच म्हणाल्या, "पुढच्या तुकडीत जागा आहेत का?"

महिन्याभरात सतराही जण परीक्षा पास झाले आणि नवे अर्ज आले. त्यांत सहा अर्ज तपासणी कार्यालयाचे होते. सर एकेक चाळत होते. खिडकीवरच्या कारकुनाच्या अर्जाशी ते थबकले. 'प्रवेश घेण्याचे कारण' या रकान्यात त्याने सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: 'मॅडमचा आदेश. आदेश खरा असल्याची खात्री त्यांच्या घरी जाऊन केली आहे.'